वर्ध्याच्या काळ्या मातींतील भाजीचा वाफा

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावंगी (मेघे) हें गांव लागतें. ‘मेघे’ हा शब्द या भागांतील अनेक गांवांच्या नांवांना चिकटलेला आहे: सिंदी (मेघे), बोरगांव (मेघे), उमरी (मेघे). वर्धा शहर वाढत वाढत आतां या गांवांच्या अंगणांत येऊन पोहोंचलें आहे. सावंगीचें नांव निघालें म्हणजे लोकांना तेथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि १९९० सालीं सुरू झालेलें वैद्यकीय महाविद्यालय आठवतें. परंतु इमारती उठल्या, डांबरी रस्ते झाले, तरी जमिनीचा स्वभाव बदलत नाहीं. कापसाची, ज्वारीची, तुरीची तीच काळी माती अजूनहि घराघराच्या पायाखालीं आहे. आणि घरामागें चार वांग्यांचीं व दोन मिरच्यांचीं झाडें लावूं पाहणाऱ्या गृहस्थाला ती पहिल्याच वर्षीं जेरीस आणते. जुलैच्या झडींत रोपें पिवळीं पडून माना टाकतात, आणि मे महिन्यांत त्याच जागीं हाताचा पंजा आंत जाईल एवढ्या भेगा पडतात.

या मातींत घरची भाजी कशी पिकवावी, ती कोणाच्या हातांनीं पिकावी आणि तिला खत कोठून आणावें, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नांभोंवतीं वर्ध्याच्या पंचक्रोशींत १९३४ पासून १९५१ पर्यंत एक विलक्षण खटाटोप झाला. त्या काळाचा राजकीय इतिहास सर्वांना ठाऊक आहे. वर्ध्यास कोणत्या बैठका झाल्या, कोणते ठराव झाले, हें शाळेंतील मुलेंहि सांगतील. पण त्याच माणसांनीं त्याच दिवसांत कुदळ, घमेलें आणि झाडू घेऊन जें केलें, तें त्या ठरावांच्या कागदाखालीं झांकून गेलें आहे.

प्रथम मातीचा स्वभाव पाहिला पाहिजे. दख्खनच्या पठारावरील काळा कातळ युगानुयुगें झिजून ही माती तयार झाली. तिच्यांत चिकण कणांचें प्रमाण निम्म्याच्या आसपास असतें. हे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकले कीं आक्रसतात. म्हणूनच ओलावा धरून ठेवण्यांत या जमिनीचा हात धरणारी दुसरी जमीन विरळा. पाऊस संपल्यावरहि कपाशीचें सोटमूळ खोल उतरून तो ओलावा ओढतें, आणि तूर तर आजूबाजूचें सारें रान वाळलें तरी हिरवी उभी असते. भाजीच्या मुळाला मात्र हाच गुण मारक होतो. मेथी, पालक आणि कोथिंबीर (नागपूर-वऱ्हाडाकडे हिला ‘सांबार’ म्हणतात, म्हणून पुण्या-मुंबईची माणसें तेथील बाजारांत गोंधळतात) यांचीं मुळें वरच्या वीत-दीड वीत थरांतच हिंडतात. मिरची-वांग्याचींहि पुष्कळशीं तेथेंच असतात. वर्ध्यास वर्षाकाठीं सुमारें हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माती फुगली कीं तिच्यांतील बारीक छिद्रें बुजतात, पाणी खालीं उतरत नाहीं, मुळांना हवा मिळत नाहीं, आणि रोप पाण्यांत उभें असून गुदमरतें. पुढें उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढला म्हणजे तीच माती फाटते आणि फाटतांना नाजूक मुळें तोडून टाकते.

यावरील उपाय म्हणजे मुळांना जमिनीच्या वर उचलून धरणें. माती ओढून सहा ते नऊ इंच उंचीची, तीन-चार फूट रुंदीची गादी करावयाची, बाजूनें चर ठेवावयाचा आणि पाणी त्या चरांतून वाहून जाऊं द्यावयाचें. यालाच माळी ‘गादी वाफा’ म्हणतो. रुंदी तीन-चार फुटांहून अधिक नको, कारण दोन्ही बाजूंनीं हात मधोमध पोहोंचला पाहिजे. गादीवर एकदां पाय पडला कीं काळी माती दाबली जाऊन तिची वीट होते, आणि मग सारा खटाटोप वायां जातो.

हा कोणा एका पंडिताचा शोध नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोणत्या पिकाला कोणती जागा हें सांगतांना विहिरीच्या कडेची जमीन भाज्यांना आणि कंदमुळांना नेमून दिली आहे. म्हणजे भाजी ही वावरांतील पिकाहून वेगळी, पाण्याजवळ आणि माणसाच्या हाताजवळ राहणारी वस्तु आहे, ही समज दोन हजार वर्षांची तरी जुनी आहे. माळ्याच्या मळ्यांत विहीर, मोट, पाट आणि वाफे ही रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्यांना मळा नव्हता त्यांच्या घरच्या बायकांनीं आपली वाट काढली होती. पावसाळ्याच्या तोंडीं उकिरड्याच्या कडेला उंचवट्यावर दोडक्याचें, कोहळ्याचें बीं टोंचावयाचें आणि वेल छपरावर चढवावयाचा; न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ जगवावयाची. छपरावरचें कोहळें हा एका अर्थीं सर्वांत उंच वाफाच म्हणावयाचा.

मग अडचण कोठें आली? ती कापसानें आणली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ सालीं वर्धा जिल्हा नागपुरापासून निराळा झाला. १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या जुन्या खेड्याच्या जागीं वर्धा शहर आंखलें गेलें. (त्या नांवाचा पालकाच्या भाजीशीं संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) १८६७ मध्यें आगगाडी नागपुरापर्यंत गेली. रोख पैसा देणारें पीक दाराशीं आल्यावर कुणब्याचें लक्ष कपाशीवर गेलें यांत त्याचा दोष नाहीं. पण ताटांतील भाजी हळूहळू आठवड्याच्या बाजारावर आणि पावसाळ्यांत आपोआप उगवणाऱ्या तरोटा, चिवळ असल्या रानभाज्यांवर येऊन ठेपली. उरलेल्या महिन्यांत भाकरीबरोबर वरण किंवा तिखट, एवढाच संसार.

१९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या वर्ध्याच्या बागेंत, म्हणजे मगनवाडींत, त्याचें ठाणें बसलें. अर्थशास्त्राचे विद्वान जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. १९३५ मध्यें गांधीजी स्वतः तेथें राहूं लागले आणि मगनवाडीचें स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळा झाली. कधीं सोयाबीन शिजे, कधीं ताटांत कडुनिंबाची चटणी पडे. पाहुण्यांच्या तोंडाची चव गेली असेल. परंतु या विक्षिप्त दिसणाऱ्या प्रयोगांमागें एक नेमका प्रश्न होता. खेड्यांतील माणसाला, पैसा न खर्चतां, हातांशीं असलेल्या कोणत्या वस्तूंतून पोषण मिळेल? १९३५ च्या फेब्रुवारींत ‘हरिजन’ पत्रांत गांधीजींनीं हिरव्या पानांवर लिहिलें. आहारशास्त्राचीं नवीं पुस्तकें रोजच्या जेवणांत थोडीं कच्चीं पानें असावींत असें सांगतात. मुळ्याचा, सलगमाचा पाला आपण फेंकून देतों. तो पुनः पुन्हां स्वच्छ धुवून कच्चाच खावा, असा त्यांचा आग्रह होता. दोन वर्षांनीं, १९३७ सालीं, कुन्नूरच्या पोषण-संशोधनशाळेचे डॉ. आयक्रॉइड यांनीं हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचें कोष्टक प्रसिद्ध केलें, आणि पालेभाज्यांची थोरवी आंकड्यांनीं सिद्ध झाली.

येथें एक पेंच उभा राहतो, आणि या साऱ्या हकीकतीचें मर्म त्यांतच आहे. पाला हवा तर वाफा हवा. वाफा हवा तर खत हवें. शेण निम्म्याहून अधिक चुलींत जळत होतें. मग खत कोठून आणावयाचें? गांवाच्या कडेला रोज सकाळीं उघड्यावर जें पडत होतें, तें खतच होतें. पण त्याला हात लावणें हें समाजानें एका जातीच्या माथीं मारलेलें काम होतें, आणि इतरांनीं त्याकडे पाहणेंसुद्धां टाळावें अशी शिकवण होती.

१९३५ मध्यें मगनवाडीची मंडळी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गांवीं रोज सकाळीं बादल्या आणि फावडीं घेऊन जाऊं लागली. गांधीजी, महादेवभाई देसाई, आश्रमास भेट देणारे पाहुणे, सारे त्यांत असत. गांवाच्या वाटेवरील मैला उचलून तो शेतांत खड्ड्यांत मातीआड करावयाचा, हा नेम महिनोन्‌महिने चालला. गांवकरी तटस्थपणें पाहात. मीराबेन कांहीं काळ सिंदींतच राहिल्या. या कामाला गांधीजींनीं शास्त्राचा आधार घेतला होता तो डॉ. पूअर या इंग्रज वैद्याचा. ‘रूरल हायजीन’ या ग्रंथांत पूअर सांगतात कीं, मैला जमिनींत नऊ ते बारा इंचांहून खोल पुरूं नये. कारण वरच्या थरांतील सूक्ष्म जीवच, उजेड आणि हवा यांच्या साहाय्यानें, आठवडाभरांत त्याचें निर्दोष खत करतात. खोल पुरला तर तो तसाच कुजत राहून पाणी बिघडवितो. मातीचा जिवंत भाग म्हणजे ही वरची नऊ-बारा इंचांची सालच होय, हें पूअरसाहेबांचें सांगणें आणि माळ्याच्या गादी वाफ्याची उंची यांचा मेळ पाहण्यासारखा आहे.

तथापि या शास्त्रांत एक उणीव होती आणि ती आज लपविण्याचें कारण नाहीं. मैल्याचा वास जाणें आणि त्यांतील रोग जाणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. जंतांची अंडीं मातींत महिनेच नव्हे तर कधीं वर्षें टिकतात. अंकुशकृमि तर ओल्या मातींतून अनवाणी पायांच्या कातडींतून शरीरांत शिरतो. एका बाजूनें कच्चा पाला खा म्हणावयाचें आणि दुसऱ्या बाजूनें त्या पाल्याच्या वाफ्यांत अर्धवट मुरलेलें सोनखत घालावयाचें, हें दुधारी शस्त्र होतें. पाला पुनः पुन्हां धुण्याचा आग्रह त्या दृष्टीनें केवळ सोवळेपणा नव्हता. सोनखत स्वतः कांहीं नवें नव्हतें. पुण्याच्या म्युनिसिपालिटीचें सोनखत मुठा कालव्याच्या पाण्यावरील ऊंसवाले एकोणिसाव्या शतकांतच विकत नेऊं लागले होते. आरंभीं नाकें मुरडलीं, पण ऊंस जोमदार आलेला पाहतांच विटाळ ओसरला. मात्र ऊंस आणि कच्चा मुळ्याचा पाला यांत फरक आहे.

या पेंचांतून सुटण्याची वाट इंदुरास सांपडली. तेथें १९२४ सालीं कापसाच्या संशोधनासाठीं एक संस्था निघाली होती आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक होते. कापसाचा उतारा वाढवावयाचा तर जमिनीचा कस वाढला पाहिजे, या विचारानें हॉवर्ड कचऱ्याच्या मागें लागले. त्यांचे सहकारी यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि १९३१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या पुस्तकावर हॉवर्ड आणि वाड अशीं दोन नांवें आहेत. जगभर ‘इंदूर पद्धति’ म्हणून जी गाजली तिच्या जनकांत वाड हें नांव आहे, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवीत नाहीं.

पद्धति अशी. वाळका पाला, गवत, पिकाचे अवशेष यांचा एक थर, त्यावर शेणाचा, त्यावर गोमूत्रानें भिजलेल्या मातीचा आणि राखेचा. पुनः तोच क्रम. ढीग ओला ठेवावयाचा, पण पाण्यानें चिंब नव्हे. पहिल्या कांहीं दिवसांतच तो आंतून इतका तापतो कीं हात घालवत नाहीं. ठराविक दिवसांनीं तो खालवर करून बाहेरचा भाग आंत घालावयाचा. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, मातीसारखें वासाचें खत तयार. या तापण्यांतच मुख्य गुण आहे: ढिगाचा प्रत्येक भाग पंचावन्न अंशांच्या वर कांहीं दिवस राहिला तर जंतांचीं अंडीं आणि रोगजंतु मरतात. पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजत नाहींत म्हणून शेतकरी त्या जाळतो. हॉवर्ड यांनीं त्या शेतांतल्या गाडीवाटेवर पसरून ठेवल्या, आणि बैलगाड्यांच्या चाकांनीं त्यांचा चुरा फुकट होऊं लागला. पावसाळ्यांत खड्डे पाण्यानें भरतात, म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीवर रचावयाचा, हाहि त्यांचाच दंडक. काळ्या जमिनीनें खताच्या ढिगालासुद्धां तोच धडा शिकविला, जो माळ्याच्या गादीला शिकविला होता: पावसाळ्यांत वर या.

१९३५ च्या एप्रिलमध्यें हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्तानें गांधीजी इंदुरास गेले तेव्हां त्यांनीं ही संस्था पाहिली, आणि त्याच वर्षीं ‘हरिजन’मधून या पद्धतीची माहिती खेड्यांतील कार्यकर्त्यांपुढें ठेवण्यांत आली. कापसाच्या पैशांतून जन्मलेली विद्या अशा रीतीनें कापसानेंच ताटांतून हुसकलेल्या भाजीच्या कामीं आली.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी मगनवाडी सोडून पूर्वेस चार-पांच मैलांवरील सेगांवीं गेले. जमनालालजी त्या गांवाचे मालगुजार. पुढें १९४० मध्यें या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. कारण टपाल चुकून बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवास जाई. सेगांवचा पहिला पावसाळा सर्वांची परीक्षा पाहणारा ठरला. वाट चिखलानें बंद पडे, काळी माती पायांना गोळ्यांनीं चिकटे. त्या वर्षीं गांधीजींना हिंवताप झाला आणि मीराबेन विषमज्वरानें आजारी पडल्या. सांचलेलें पाणी केवळ भाजीचेंच मूळ कुजवीत नाहीं, हें तेथें दिसलें. डांसाची अळी पाण्यांत आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढते. म्हणून वाफ्याभोंवतींचा चर उतरता असावा, त्यांतलें पाणी आठवडाभर उभें राहूं नये, हा नियम भाजीइतकाच माणसांसाठींहि आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरांत २२ आणि २३ तारखांस वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिच्या अहवालांत मूलोद्योग म्हणून ज्या गोष्टी सुचविल्या त्यांत सूतकताई, सुतारकाम यांबरोबर शेती आणि फळभाज्यांची बागाईत हीं होतीं. चरख्याचाच गाजावाजा फार झाला, त्यामुळें ‘नयी तालीम’ म्हणजे शाळेंत सूत कातणें अशी समजूत बसली. वास्तविक शिक्षकाच्या दृष्टीनें वाफा हें चरख्याहून समृद्ध पुस्तक आहे. वाफ्याचें क्षेत्रफळ, खताचें घनफळ, बियांची उगवण शेंकडा किती, पावसाचें माप, विक्रीचा हिशेब. गणित तर जागोजाग. दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि नऊ इंच उंच गादीला साडेबावीस घनफूट माती लागते, आणि तिच्यांत एक तृतीयांश खत घालावयाचें तर साडेसात घनफूट. हें उदाहरण फळ्यावर सोडविणारा मुलगा विसरेल, पण घमेल्यानें वाहणारा विसरणार नाहीं. त्याशिवाय खत हातांनीं कालविणारें ब्राह्मणाचें मूल आणि मांगाचें मूल एकाच गादीवर काम करूं लागलें, तर शाळेंतून जें व्याख्यानानें होत नाहीं तें तेथें होण्याचा संभव होता. तो विचार अंमलांत आला तितका थोडा आला. पहिल्या उत्साहानंतर पुष्कळ प्रांतांत शाळेची बाग ही तपासणीच्या दिवशीं पाणी घालावयाची वस्तु झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत धान्याची टंचाई आली, १९४३ मध्यें बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं, आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा सरकारनें लाविली. १९४६ च्या फेब्रुवारींत पुनः दुष्काळाची छाया पडली तेव्हां गांधीजींनीं ‘हरिजन’मध्यें फुलांच्या बागांतूनहि खाण्याचे पदार्थ पिकवावे असें सुचविलें. बंगल्यांतील हिरवळीवर मुळे लावण्याच्या कल्पनेची थट्टा झालीच. कुमारप्पांनीं मात्र आंकड्यांनीं विचार केला. समतोल आहाराचा आराखडा मांडतांना त्यांनीं दर माणशीं रोज आठ औंस भाजी आणि त्याशिवाय चार औंस बटाटे व कंद धरले. आजच्या मापानें आठ औंस म्हणजे सुमारें सव्वादोनशें ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आज फळें आणि भाज्या मिळून चारशें ग्रॅम सांगते. म्हणजे मगनवाडीचा हिशेब फार चुकला नव्हता.

हा हिशेब घरावर लावून पाहावा. पांच माणसांच्या कुटुंबाला रोज सव्वा किलोच्या आंत-बाहेर, म्हणजे वर्षाला सुमारें चारशें किलो भाजी लागते. एका हंगामांत चौरस मीटरला दीड ते दोन किलो निघाली आणि वर्षांत दोन हंगाम साधले असें धरलें, तर वाटा आणि चर धरून दीड गुंठ्याच्या आसपास जागा पाहिजे. एवढी जागा आज सावंगींतच काय, कोणत्याहि शहराच्या कडेला बहुतेकांपाशीं नसते. म्हणून ‘घरची बाग बाजार बंद करील’ असें जे सांगतात ते उत्साहाच्या भरांत सांगतात. परंतु पालेभाजी, मिरची, सांबार, चार वांगीं यांना जागा थोडी लागते. आणि पोषणाच्या दृष्टीनें ताज्या पानाची किंमत त्याच्या वजनाहून पुष्कळ अधिक आहे.

१९४७ च्या डिसेंबरांत दिल्लीस कंपोस्ट खताची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्या मागें मीराबेनचा पुढाकार होता आणि गांधीजींनीं आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत तिच्याविषयीं लिहिलें. सिंदीच्या बादल्यांपासून दिल्लीच्या परिषदेपर्यंत बारा वर्षें गेलीं.

इकडे पवनारला विनोबांनीं या विचाराचें टोंक गांठलें होतें. १९४६ पासून ते जवळच्या सुरगांवीं खांद्यावर फावडें टाकून रोज चालत जात आणि मैला मातीनें झांकून परत येत. ऊन असो, पाऊस असो, हा नेम दीड वर्षाहून अधिक काळ चालला. १९५० च्या आरंभीं परंधाम आश्रमांत त्यांनीं कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला: पैशाचा संबंध नाहीं, बैल नाहींत, माणसांनीं आपल्या हातांनीं खणून पिकवावें आणि तेंच खावें. विहीर खणली, रहाट माणसें फिरवीत, आणि फिरवितां फिरवितां प्रार्थना म्हणत. पदवीधर तरुणांच्या हातांना घट्टे पडले. धाम नदीच्या कांठच्या त्या जमिनींत खणतांना प्राचीन मूर्तिहि सांपडल्या. त्यांतील भरत-राम भेटीचें शिल्प आश्रमांत पाहावयास मिळतें. बैलाशिवाय सारी शेती करणें हें सामान्य शेतकऱ्याला परवडणारें नव्हे, आणि तो प्रयोग तसाच्या तसा कोणी उचलला नाहीं हें स्वाभाविक आहे. पण बैल ज्या ठिकाणीं शिरूंच शकत नाहीं अशा घरामागील चार हात जागेला तो तंतोतंत लागू पडतो. १९५१ च्या मार्चांत विनोबा पायीं हैदराबादकडे निघाले, एप्रिलमध्यें पोचमपल्लीस भूदान सुरू झालें, आणि जगाचें लक्ष कुदळीवरून जमिनीच्या वांटपाकडे गेलें.

कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत सोनखताचें काम पुढें चालविलें, संडासाचे निरनिराळे नमुने बनविले. पुढें कायद्यानेंहि हातानें मैला वाहून नेण्याच्या प्रथेला १९९३ आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत बंदी घातली. सिंदीचे स्वयंसेवक जें स्वखुशीनें करीत तें ज्यांना जन्मानें करावें लागे, त्यांच्या दृष्टीनें या बंदीचा अर्थ निराळा आहे. गांधीजींच्या झाडूवर डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांनीं जी टीका केली तिचें मूळ येथेंच होतें. हलक्या मानलेल्या कामाला मोठेपणा देऊन तें काम करणाऱ्याच्या मानेवरील जोखड उतरत नाहीं, हा त्यांचा आक्षेप खरा होता. कचऱ्याचें खत व्हावें हें योग्य. तें कोणा एकाच्याच हातून व्हावें हें अयोग्य. आज घरच्या बागेला सोनखताची गरजहि नाहीं. स्वयंपाकघरांतील भाजीचीं देंठें, फळांच्या साली, वाळका पाला आणि थोडें शेण एवढ्यावर हॉवर्ड-वाडांचा ढीग चांगला तापतो; मात्र तो तीन फूट लांब-रुंद-उंच तरी असावा, लहान ढिगांत ऊब टिकत नाहीं.

आतां पुनः सावंगीच्या घरामागें यावें. काळ्या जमिनीवर घर बांधतांना ती फुगून भिंतींना तडे देते, म्हणून पायाची माती उपसून मुरूम भरतात. त्यामुळें नव्या घराच्या आवारांत बहुधा वर मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि खालीं दाबलेली काळी चिकणमाती अशी स्थिति असते. तेथें उंच वाफा हा निव्वळ सोयीचा नव्हे, अपरिहार्य होतो. एक भाग काळी माती, एक भाग मुरूम किंवा जाड रेती आणि एक भाग मुरलेलें खत, हें मिश्रण पाण्याला वाट देतें आणि ओलहि धरतें.

पण परदेशी पुस्तकें पाहून बारमहा उंच वाफे ठेवणारे येथें फसतात. थंड मुलुखांत गादी उंच करतात ती माती लवकर तापावी म्हणून. वर्ध्याच्या मे महिन्यांत तापण्याची हौस कोणाला असणार? उंच गादी चारहि बाजूंनीं वाळते आणि संध्याकाळीं घातलेलें पाणी दुसऱ्या दुपारपर्यंत उरत नाहीं. म्हणून जुना माळी हंगामाप्रमाणें वाफ्याची पातळी बदलतो. जूनच्या पहिल्या पावसाआधीं नऊ इंचांची गादी, तिच्यावर वांगीं, मिरची, भेंडी, आणि कडेला मांडवावर दोडका. दसऱ्यानंतर गादी थोडी उतरवून मेथी, पालक, मुळा, सांबार; टोमॅटोलाहि हाच काळ मानवतो, कारण दिवसाचें ऊन पस्तीस अंशांपलीकडे गेलें कीं त्याचीं फुलें गळतात. होळी झाली कीं वाफा जमिनीच्या पातळीला, किंबहुना दोन बोटें खालीं घ्यावयाचा, कडेनें बांध घालावयाचा, मातीवर वाळल्या गवताचें चार बोटें आच्छादन पसरावयाचें आणि पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा ताटवा उभा करावयाचा. अशा सावलींत गवार, चवळी, काकडी आणि चवळईचीं पानें मे महिन्यांतहि हाताशीं येतात. मृगाचे ढग दिसूं लागले म्हणजे बांध फोडून तीच माती पुनः मधोमध ओढावयाची, तयार ढिगांतलें खत तिच्यांत कालवावयाचें, आणि वांग्या-मिरचीचीं रोपें संध्याकाळच्या वेळीं लावावयाचीं.